थंडीच्या पहाटे क्लच सुटत नाही तेव्हा

पहाटे सहाला गाडी बाहेर काढावी, सेल्फ मारावा, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा आणि गाडीने दणकन पुढे उडी मारावी किंवा जागच्या जागी बंद पडावं. नोव्हेंबर उजाडला की ही तक्रार घेऊन लोक गॅरेजात यायला लागतात. तोवर ऊन वर आलेलं असतं, गाडी चार-पाच किलोमीटर चालून गरम झालेली असते आणि क्लच बिनतक्रार सुटत असतो. मेकॅनिक लिव्हर दोनदा दाबून बघतो, दहाच्या पान्याने क्लच वायर थोडी ताणतो आणि गाडी परत देतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तोच दणका. मग आणखी ताण. असं दोन-तीनदा झालं की नवीच तक्रार सुरू होते: चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. वायर ताणून ताणून क्लच आता स्लिप व्हायला लागलेला असतो.

फक्त थंड असताना न सुटणारा क्लच हा बहुतेक वेळा वायरचा दोष नसतो. तो तेलाचा आणि प्लेटचा मामला असतो. वायरचा दोष असेल तर तो गाडी गरम झाल्यावरही दिसतो. हा एवढा फरक ओळखला तर पैसे वाचतात, क्लच प्लेट वाचतात आणि मुख्य म्हणजे कुणाला इजा होत नाही. हा फरक घरच्या अंगणात, एकही नट न उघडता ओळखता येतो.

आत नेमकं काय होतं, ते आधी पाहू. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो. क्लच हाऊसिंगमध्ये एकाआड एक प्लेट रचलेल्या असतात: एक घर्षणाचा थर चिकटवलेली, एक साध्या पोलादाची, पुन्हा घर्षणाची. घर्षणाच्या प्लेट इंजिनाबरोबर फिरतात, पोलादी प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टबरोबर. टोकाच्या प्रेशर प्लेटमार्फत स्प्रिंगा या सगळ्या चळतीला एकमेकींवर दाबून धरतात. आपण लिव्हर दाबतो तेव्हा प्रेशर प्लेट फार तर दोनेक मिलिमीटर उचलली जाते आणि ती फट सगळ्या प्लेटमध्ये वाटली जाते. म्हणजे एकेका जोडीच्या वाट्याला कागदाच्या जाडीएवढीच जागा येते. तेवढ्या जागेत तेल असतं. तेल गरम आणि पातळ असेल तर प्लेट सहज वेगळ्या होतात. रात्रभर गाडी थंडीत उभी राहिली की दोन गोष्टी घडतात. स्प्रिंगांच्या दाबाने प्लेटमधलं बरंचसं तेल बाहेर पिळलं जातं आणि उरलेला पातळ थर दोन्ही बाजूंना धरून बसतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की त्या सरकतात पण उचलून वेगळ्या होत नाहीत, तसंच हे. शिवाय आजूबाजूचं तेल घट्ट झालेलं असल्याने फट पडली तरी त्या फटीत ते पटकन शिरत नाही आणि फिरणारी प्लेट शेजारणीला आपल्याबरोबर फरफटत नेते.

तेल किती घट्ट होतं याचा अंदाज असावा म्हणून दोन आकडे देतो. 20डब्ल्यू-50 या ग्रेडच्या तेलाचा दाटपणा 100 अंश सेल्सिअसला साधारण 18 सेंटिस्टोक असतो. 40 अंशांना तोच दीडशेच्या पुढे जातो. पहाटेच्या दहा अंशांत तो आणखी कितीतरी पट वाढतो. निफाड, ओझर, जुन्नर, महाबळेश्वर इथल्या जानेवारीच्या पहाटा आठवा; निफाडचा पारा तर कधी कधी 5 अंशांच्याही खाली येतो. त्या वेळी दुधाचे कॅन बांधून निघणारा किंवा द्राक्षबागेत फवारणीला जाणारा माणूस ज्या तेलावर गाडी सुरू करतो, ते दुपारी उन्हात चालणाऱ्या गाडीतल्या तेलासारखं वागत नाही.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो की थंड गाडीत पहिला गिअर टाकताना ‘टक्’ असा आवाज येणं आणि गाडीला बारीकसा हिसका बसणं हे तेलातल्या क्लचच्या स्वभावातच आहे. त्यासाठी कुणी गाडी उघडू नये. उपाय करायची वेळ येते ती गाडी चार-सहा इंच पुढे झेपावते, बंद पडते, किंवा पहिल्या किलोमीटरभरात सिग्नलला न्यूट्रल लागतच नाही तेव्हा.

आधी सुरक्षितता

क्लच चिकटलेला असू शकतो असा संशय असेल तर गाडी कधीही गिअरमध्ये ठेवून सुरू करू नका. आजच्या बहुतेक गाड्या क्लच दाबला की गिअरमध्येही सेल्फने सुरू होतात आणि ती सवय हाताला लागलेली असते. पण प्लेट चिकटलेल्या असतील तर लिव्हर दाबलेला असूनही सेल्फची मोटर सरळ मागचं चाक फिरवते आणि इंजिनाने झेप घेतली तर गाडी समोरच्या भिंतीवर, नाहीतर शेजारच्याच्या गाडीवर जाते. टाकीवर पोर बसवून शाळेला निघणाऱ्या आई-वडिलांना हे हात जोडून सांगावंसं वाटतं: थंडीत न्यूट्रलमध्येच सुरू करा, पहिला गिअर पडून गाडी शांत झाली की मगच मुलाला बसवा. आणि गिअर टाकताना पुढचा ब्रेक दाबलेला असू द्या.

अंगणातली परीक्षा

रात्रभर थंड झालेली गाडी सपाट जागी घ्या. इंजिन बंद. आधी न्यूट्रलमध्ये दोन पावलं ढकलून गाडीचा मोकळा भार हाताला कळू द्या. आता तिसरा किंवा चौथा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा आणि पुन्हा ढकला. पहिला गिअर न टाकता वरचा का, तर पहिल्या गिअरमध्ये चाकाकडून इंजिन फिरवायला फार जोर लागतो. वरच्या गिअरमध्ये तुमच्या ढकलण्याचा जास्त भाग क्लचपर्यंत पोचतो.

आता काय होतं ते बघा. गाडी जवळजवळ न्यूट्रलइतकीच हलकी चालली, तर क्लच सुटतोय. आधी अडली, मग एका धक्क्याला ‘टप्प’ असं जाणवून मोकळी झाली आणि पुढे हलकी चालली, तर प्लेट नुसत्या चिकटल्या होत्या, बाकी सगळं ठीक आहे. पण दहा-बारा वेळा पुढे-मागे करूनही गाडी जडच राहिली, ती मोकळी झाल्याची जाणीवच आली नाही, तर प्रेशर प्लेट पुरेशी उचलली जात नाही किंवा आत काहीतरी वाकलं-झिजलं आहे. ही तिसरी स्थिती तेल बदलून बरी होत नाही.

किकवाल्या गाड्यांवर आणखी एक सुंदर परीक्षा आहे, मात्र ती सगळ्यांना लागू नाही. जुन्या बुलेटमध्ये किकचा जोर गिअरबॉक्समधून, क्लचमार्गे इंजिनाला जातो. त्यामुळे क्लच दाबून किक मारली की इंजिन फिरायला नको. किक कॉम्प्रेशन न लागता, लोण्यातून जावी तशी सुळकन खाली जायला हवी. क्लच दाबलेला असूनही पायाला इंजिनाचा दाब लागला, तर प्लेट एकमेकींना धरून आहेत हे नक्की. तसंच पाच-सहा वेळा किक मारत राहिलं की प्लेट आपोआप सुटतात. जुने बुलेटवाले रोज सकाळी हे करायचे आणि अजूनही करतात. उलट आरएक्स 100 सारख्या प्रायमरी किकच्या गाडीत किक थेट क्लच हाऊसिंगला फिरवते. तिथे क्लच दाबा किंवा सोडा, इंजिन फिरणारच. ही युक्ती तिथे निरुपयोगी आहे. आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे गाडी गरम असताना बघून ठेवा. गिअरमध्ये असताना क्लच दाबून किकने सुरू होत असेल तर प्रायमरी किक.

यानंतरची परीक्षा गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून झाल्यावरची. सपाट रस्त्यावर उभे राहा, क्लच दाबून पहिला गिअर टाका, ब्रेक सोडा. गाडी पुढे सरकू पाहते का? इंजिन चालू असताना न्यूट्रल लागत नाही, पण बंद केलं की लगेच लागतं, असं होतं का? गरम असतानाही हे होत असेल तर तुमचा प्रश्न थंडीचा नाही. थंडीने तो फक्त ठळक केला आहे. मग वायर, प्रेशर प्लेट उचलणारा पुश रॉड आणि प्लेट यांच्याकडे वळायचं. गरम झाल्यावर सगळं सुरळीत असेल तर पुढचा भाग तुमच्यासाठी.

रोजच्या सकाळची रीत

इंजिन सुरू करण्याआधीच क्लच सोडवून घ्या. वर सांगितल्याप्रमाणे वरच्या गिअरमध्ये, क्लच दाबून गाडी पुढे-मागे हलवा. मोकळी झाल्याचं हाताला कळेल. मग न्यूट्रल करून सुरू करा. मिनिटभर तशीच चालू द्या. चोक असलेल्या गाडीत चोक बंद करून इंजिन नेहमीच्या संथ गतीवर आल्याशिवाय गिअर टाकू नका, कारण चोकवर इंजिन वेगाने फिरत असतं आणि जितका वेग जास्त तितका गिअर पडतानाचा दणका मोठा. 2020 नंतरच्या बीएस-6 इंजेक्शनच्या गाड्या थंडीत स्वतःच आरपीएम वाढवतात. आकडा खाली उतरेपर्यंत थांबा. त्यानंतर क्लच पूर्ण दाबा, लगेच गिअर टाकू नका. चार-पाच सेकंद दाबलेला धरा, हलकीशी एकच रेस द्या, इंजिन खाली येऊ द्या आणि मगच पहिला. त्या चार-पाच सेकंदांत फटींमध्ये तेल शिरतं.

या थांबण्याने फरक पडतो का, हे लक्ष देऊन पाहा. थांबल्यावर दणका निम्म्याने कमी होत असेल तर दोष तेलाच्या थराचा आहे, याचा तो आणखी एक पुरावा.

ज्यांना याची खात्री करून घ्यायची आहे त्यांनी एका रात्रीपुरता एक प्रयोग करावा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापा, क्लच लिव्हर पूर्ण दाबून ती मुठीला घट्ट बांधून ठेवा. रात्रभर प्लेट एकमेकींपासून सुट्या राहतात, मधे तेल टिकतं. सकाळी पट्टी सोडा आणि नेहमीसारखी गाडी सुरू करा. दणका गायब झाला असेल तर चिकटणं हाच रोग, लिव्हर-वायरची बाजू निर्दोष. पावसाळ्यात तीन-चार महिने उभ्या राहिलेल्या, क्लच पार गोठल्यासारखा बसलेल्या गाडीवरही हा उपाय चालतो; तिथे आधी इंजिन गरम करून मग बांधावं. मात्र महिनोन्‌महिने लिव्हर बांधून ठेवण्यात अर्थ नाही, वायर उगाच ताणाखाली राहते.

तेल: इथेच बहुतेकांचा प्रश्न सुटतो

‘जाड तेल चांगलं’ हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. उन्हाळ्यात इंजिन तापतं, म्हणून 10डब्ल्यू-30 सांगितलेल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत 20डब्ल्यू-50 घालायचं, आणि हिवाळ्यात क्लच सुटत नाही म्हणून वायर ताणायची. कंपनीने ज्या ग्रेडसाठी तेलाच्या वाटा आणि क्लचच्या फटी आखल्या, ती ग्रेड सोडून जाड तेल भरलं की थंडीत क्लच चिकटणारच. तेव्हा पहिलं काम म्हणजे गाडीची पुस्तिका काढा आणि त्यात लिहिलेलं तेल आत आहे का ते बघा. पुष्कळ पुस्तिकांत तापमानानुसार कोणती ग्रेड चालते याचा तक्ता असतो. त्या तक्त्यात बसणारी पातळ ग्रेड हिवाळ्यात जरूर वापरा. तक्त्याबाहेरची पातळ ग्रेड मात्र स्वतःच्या मनाने घालू नका, इंजिनाच्या बेअरिंगांना ती पुरत नाही.

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा आपल्या थंडीत मोजलेला नसतो, हेही लक्षात घ्या. 10डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे 25 अंशांना होते, 20डब्ल्यूची उणे 15 अंशांना. महाराष्ट्रात असं तापमान येत नाही. पण एकाच दुसऱ्या आकड्याची दोन तेलं घेतली तर लहान ‘डब्ल्यू’चं तेल दहा अंशांतही थोडं पातळ असतं, आणि दुसरा आकडाही लहान असेल तर फरक स्पष्ट जाणवतो. लेह-स्पितीला गाडी घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळींनी हा विचार निघण्याआधीच करावा. तिथल्या उणे तापमानाच्या रात्रीनंतर 20डब्ल्यू-50 चा क्लच काय करतो हे तंबूबाहेर उभं राहून शिकण्यात मजा नाही.

डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए 2’ लिहिलेलं असायला हवं. ‘एमबी’ हे तेल स्कूटरचं. त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि स्कूटरचा क्लच तेलात नसल्याने तिथे ते चालतं. कारच्या बऱ्याच तेलांतही तशीच द्रव्यं असतात. असं तेल मोटरसायकलमध्ये घातलं तर क्लच चिकटणार नाही, घसरेल. एक रोग जाऊन दुसरा येईल. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलं उरलेलं तेल गाडीत ओतण्याची पद्धत गावोगाव आहे, ती सोडून द्यावी. क्लच ‘धुवायला’ म्हणून तेलात रॉकेल किंवा डिझेल मिसळून इंजिन चालवणारे तर इंजिनाचंच वाटोळं करतात.

तेलाची पातळीही बघा. जास्त तेल म्हणजे क्लच अधिक खोल बुडालेला, आणि तितकी फरफट जास्त. काही गाड्यांत मोजकाठी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते, काहींत पूर्ण बसवून. एकाची रीत दुसरीला लावली की माप चुकतं. खिडकीची काच असेल तर गाडी डबल स्टँडवर किंवा सरळ उभी धरून बघा, साइड स्टँडवर नाही. आणि तेल जुनं झालेलं असेल, काळं, क्लचच्या भुकटीने भरलेलं, तर ग्रेड योग्य असूनही ते घट्ट वागतं. निम्म्याहून अधिक गाड्यांचा हिवाळ्यातला क्लच योग्य ग्रेडचं ताजं तेल, योग्य पातळीला भरल्यावर ताळ्यावर येतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून गाडी उघडण्याआधी हा खर्च करावा.

वायर: ताणायची नाही, तपासायची

लिव्हरच्या टोकाशी मोकळी चाल किती हवी ते पुस्तिकेत असतं. आपल्याकडच्या बहुतेक रोजच्या गाड्यांना 10 ते 20 मिलिमीटर. ती चाल ठेवण्यामागे कारण आहे. क्लच सोडलेला असताना स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटवर पडायला हवा. वायर ताठ केली की प्रेशर प्लेट किंचित उचललेलीच राहते, प्लेट सतत घसरतात, तापतात, काळ्या पडतात आणि रिलीज बेअरिंग विनाकारण फिरत राहतं. चाल मापात असूनही क्लच सुटत नसेल तर वायर आणखी ताणून काहीही साधणार नाही.

चाल जास्त असेल तर ती मापात आणा, पण वायर कशी आहे हेही बघा. इंजिनाजवळच्या टोकाचा आर्म लिव्हर दाबल्यावर नीट, न अडखळता फिरतो का? वायरची एखादी तार तुटून आवरणात अडकली असेल तर चाल खाल्ली जाते. हँडल बदलून उंच किंवा रुंद लावलं असेल तर वायर कुठे वाकते ते बघा. थंडीत आणखी एक गंमत होते: आवरणात भरलेलं जुनं ग्रीस घट्ट होतं, लिव्हर जड वाटतो आणि परत यायलाही वेळ घेतो. अशी वायर काढून उभी टांगा, वरच्या टोकाला कागदाचं नरसाळं करून इंजिन ऑइलचे थेंब सोडा, खालून स्वच्छ तेल गळेपर्यंत. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या वायरींना तेल लागत नाही. त्या जड झाल्या तर बदलायच्याच.

हायड्रॉलिक क्लचच्या गाड्यांत वायर नसते, पण तिथेही सकाळचा त्रास होतो. लिव्हर सात-आठ वेळा पंप केल्यावर क्लच सुटायला लागला तर नळीत हवा शिरली आहे किंवा द्रव जुना झाला आहे. हवा काढून द्रव बदलून घ्या. क्लचच्या द्रवाच्या टाकीच्या झाकणावर जो द्रव लिहिला असेल तोच. काही गाड्यांना ब्रेकचं डॉट 4 लागतं, काहींना खनिज तेल, आणि एकाच्या जागी दुसरं घातलं तर रबरी सील फुगून निकामी होतात.

उघडायची वेळ आलीच तर

तेल नवं, चाल बरोबर, वायर मोकळी आणि तरीही गरम असताना क्लच ओढतो, तर कव्हर काढावं लागेल. हे काम जाणत्या मेकॅनिककडे द्या, पण समोर उभे राहा आणि पुढच्या गोष्टी बघून घ्या.

सर्वांत आधी क्लच हाऊसिंगची बोटं बघा, ज्यांच्या मधल्या खाचांमध्ये घर्षणाच्या प्लेटचे कान बसतात ती. वर्षानुवर्षं प्लेटचे कान त्यांवर आपटून तिथे बारीक पायऱ्या पडतात. प्लेट सगळ्या काढल्यावर अंगठ्याचं नख बोटाच्या कडेवरून वरून खाली ओढा. नख सरळ गेलं तर ठीक. नख टक्-टक् करत अडकत गेलं तर प्रत्येक अडकण्याच्या जागी एक प्लेट बसून राहते. प्रेशर प्लेट उचलली जाते, पण ही मधली प्लेट त्या पायरीतून बाहेर यायला तयार नसते. थंडीत घट्ट तेलाने ती आणखी हट्टी होते. पायऱ्या उथळ असतील तर बारीक, सपाट कानशीने कड समांतर ठेवून त्या उतरवता येतात. जास्त घासलं की प्लेटचे कान सैल बसतात आणि आवाज करू लागतात, म्हणून खोल पायऱ्यांचं हाऊसिंग बदलणंच बरं. आतल्या क्लच सेंटरवर, पोलादी प्लेटच्या दातांच्या जागीही हेच तपासा. माझ्या अनुभवात जुन्या, भरपूर चाललेल्या गाड्यांत खरा गुन्हेगार इथे सापडतो, आणि नव्या प्लेटचा सेट विकण्याच्या घाईत तो बघायचा राहून जातो. नव्या प्लेट त्याच पायऱ्यांत बसवल्या तर महिन्याभरात गाडी पुन्हा दारात.

मग पोलादी प्लेट. जाड सपाट काचेवर एकेक ठेवून कडेने फीलर गेज सरकवा. बहुतेक गाड्यांची मर्यादा 0.1 ते 0.2 मिलिमीटरच्या दरम्यान असते. त्याहून जास्त वाकलेली प्लेट फटीत मावत नाही. निळ्या-जांभळ्या डागांची प्लेट तापून गेलेली आहे, ती परत लावू नये. घर्षणाच्या प्लेट चकचकीत, काचेसारख्या झाल्या असतील तर त्यांच्या खाचांतून तेल वाहत नाही आणि चिकटणं वाढतं. जाडी पुस्तिकेशी ताडून पाहा. नव्या घेताना मूळ उत्पादकाच्याच घ्या. बाजारातल्या स्वस्त सेटमध्ये एकेक प्लेट किंचित जाड निघाली तरी सात-आठ प्लेट मिळून सगळी फट खातात आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून ओढतो.

नव्या प्लेट बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये रात्रभर भिजत ठेवायच्या. कोरड्या बसवलेल्या प्लेट पहिल्याच सकाळी धरतात, आणि जळण्याची भीती वेगळीच. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. हे सहा मिलिमीटरचे छोटे बोल्ट आहेत, 10-12 न्यूटन-मीटरला आवळले की पुरे. जोर लावला तर ॲल्युमिनियमचे खांब मोडतात आणि क्लच सेंटर नवं घ्यावं लागतं.

जुन्या बुलेटसाठी वेगळे शब्द

कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटमध्ये क्लच डाव्या बाजूच्या प्रायमरी केसमध्ये असतो आणि त्या केसचं तेल इंजिनाच्या तेलापासून वेगळं असतं. इथे जास्त किंवा फार जाड तेल भरणं हे थंडीतल्या त्रासाचं नेहमीचं कारण. लेव्हलचा स्क्रू काढून जेवढं तेल बाहेर येईल तेवढं येऊ द्या, मग बंद करा. ॲडजस्टमेंट करताना वायरपासून सुरुवात करायची नाही. आधी लिव्हरकडचा ॲडजस्टर पूर्ण सैल करायचा, मग गिअरबॉक्सच्या झाकणाआडच्या स्क्रूने पुश रॉडची चाल लावायची आणि शेवटी वायर. क्रम उलटा केला की आर्म चुकीच्या कोनात उभा राहतो आणि लिव्हर पूर्ण दाबूनही उचल अर्धीच मिळते. पुश रॉड मेन शाफ्टच्या पोटातून जातो. त्याची टोकं झिजून पसरलेली असतील तर कितीही ॲडजस्ट करा, आठवड्यात ढिलं होतं. प्रायमरी उघडलेलीच असेल तर क्लच दाबून किक हळूहळू फिरवा आणि प्रेशर प्लेट डोळ्यांनी बघा. ती चारी बाजूंनी सारखी उचललेली, न लडबडता फिरायला हवी. एका बाजूने कमी उचलली जात असेल तर त्या बाजूच्या स्प्रिंगेचा दाब जास्त आहे.

काही जुने बुलेटवाले प्रायमरीत ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं पातळ तेल घालतात आणि थंडीत त्याचा फायदा होतो. पण यूसीई, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या नव्या इंजिनाच्या बुलेटमध्ये ही नक्कल चुकूनही करू नये. तिथे क्लच आणि इंजिन एकाच तेलात चालतात; ते पातळ तेल थेट क्रँकपर्यंत पोचेल.

मेकॅनिककडे गाडी नेताना एक गोष्ट कराच. दोष थंड गाडीतच दिसतो आणि तुम्ही गाडी चालवत नेली की तो वाटेतच नाहीसा होतो. तेव्हा संध्याकाळी गाडी गॅरेजात ठेवा आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना मेकॅनिक हजर राहील असं ठरवा. शटर उघडल्यावर, कुणी इंजिनाला हात लावण्याआधी, वरच्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी त्याच्याच हाताने ढकलायला लावा. आणि तेलाची ग्रेड, शेवटचं तेल कधी बदललं, गरम झाल्यावर न्यूट्रल लागतं की नाही, या तीन गोष्टी कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. तोवर वायरला पाना लावू देऊ नका.